आडवाटेच्या दुकानालाही कुलूप हवे

पुणे–अहिल्यानगर महामार्गाने जाताना कोरेगाव भीमा मागे पडले, की सणसवाडीच्या कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. ट्रॅक्टरपासून वाहनांच्या सुट्या भागांपर्यंत अनेक वस्तू येथे तयार होतात, आणि या कारखान्यांना नट-बोल्ट, पाइप, वेल्डिंगचे साहित्य, हातमोजे असे किरकोळ वाटणारे परंतु रोज लागणारे सामान पुरवणारी दुकानेही येथेच उभी राहिली आहेत. आमच्या एका स्नेह्यांचे असे दुकान आहे. वडिलांच्या काळात लाल बासनातील वही होती. आता संगणक आहे. दिवाळीत वहीपूजन होते तेव्हा वहीशेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लागते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचा संगणक जुना झाल्याची चर्चा घरात निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. यंत्र चांगले चालत होते. परंतु विंडोज ११ त्यावर बसत नव्हते. अभियांत्रिकीला असलेल्या पुतण्याने तोडगा काढला. त्याने दुकानातील त्या संगणकावर लिनक्स बसवले आणि म्हणाला, "काका, नवा संगणक नको आणि दर वर्षी अँटीव्हायरसचे पैसेही नकोत. लिनक्सला व्हायरस लागतच नाही."

काका व्यापारी. फुकट मिळालेल्या निर्धास्तपणावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला विचारले, "हा म्हणतो ते खरे आहे का? दुकानाचे अकरा वर्षांचे येणे-देणे त्या पेटीत आहे. उधारीची वही गेली तर कोणाकडे किती येणे आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?" हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. कोणाच्या मुलाने मॅक घेतला आहे, कोणाच्या दुकानात लिनक्स आले आहे. म्हणून या महिन्याचे स्तंभलेखन याच प्रश्नावर करतो.

प्रथम पुतण्याच्या बाजूने बोलू, कारण त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. चोर माल पाहून जागा निवडतो. कार्यालयांत आणि दुकानांत बहुसंख्य संगणक विंडोजचे असल्याने व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपले श्रम तेथेच लावले. एकच किल्ली लाखो कुलुपांना लागत असेल, तर चार-दोन घरांची निराळी कुलपे उघडत बसण्यात त्याला रस नसतो. महामार्गालगतच्या दुकानात गिऱ्हाईक जास्त आणि उचलेगिरीही जास्त. आतल्या गल्लीतील दुकानात दोन्ही कमी, असाच हा प्रकार आहे.

आपल्या पुण्याला या इतिहासाची जवळून ओळख आहे. कैलाश काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि पुढे पुण्यात दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीला येणारे संगणक बहुधा व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय यांनी ते स्वच्छ करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारातही आली. डॉस आणि विंडोजच्या त्या काळाने आपल्या मनात एक समीकरण पक्के केले: संगणक घेतला, की अँटीव्हायरस घ्यायचा. समीकरण त्या यंत्रांपुरते बरोबर होते. आता यंत्रे निरनिराळी झाली आहेत, तेव्हा ते पुन्हा तपासणे गैर नाही.

लिनक्सची घडणही पुतण्याच्या मताला काही आधार देते. लिनक्सवर नवा प्रोग्रॅम सहसा त्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातून, तपासणीच्या सहीशिक्क्यासह येतो. कोठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवावा लागत नाही. रोजचे काम करणाऱ्या खात्याला यंत्राच्या गाभ्याला हात लावण्याची परवानगी नसते. मेलमधून आलेली फाईल नुसती उतरवल्याने सहसा आपोआप चालू होत नाही. या तीन गोष्टींमुळे साधा, सरसकट पसरणारा व्हायरस लिनक्सवर फारसा फोफावला नाही.

आता उरलेल्या अर्ध्याकडे वळू. गल्लीतील दुकानात चोरी कमी होते, ती कुलूप चांगले म्हणून नव्हे, तर चोराची नजर तिकडे गेली नाही म्हणून. नजर वळली की हा फायदा संपला. याचा सर्वांत मोठा धडा आपल्या जिल्ह्याच्या आसपासच घडला आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, १९०६ पासून पुण्यात असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये नेले गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरवून चोरांनी खरी मंजुरी बाजूला सारली आणि आपली खोटी मंजुरी पुढे केली. बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

याच पद्धतीने आशिया आणि आफ्रिकेतील बँकांच्या एटीएम यंत्रणा लुटणाऱ्या टोळीविषयी अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी २ ऑक्टोबर २०१८ रोजी एक इशारा प्रसिद्ध केला. त्यातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. त्यांनी तपासलेले मंजुरी देणारे सर्व्हर विंडोजचे नव्हते. ते आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीवर चालत होते, जी सामान्य माणसाने कधी पाहिलेलीही नसते. म्हणजे प्रणाली दुर्मीळ होती आणि तरी लूट झाली. त्याहून बोलके असे, की चोरांनी एआयएक्सची एखादी उणीव फोडल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही. बँकेच्या कर्मचाऱ्यांना फसवे मेल पाठवून, बहुधा विंडोजवरील घातक प्रोग्रॅमच्या साहाय्याने, ते आतल्या जाळ्यात शिरले आणि तेथून त्या दुर्मीळ यंत्रापर्यंत चालत गेले. शिवाय त्या सर्व्हरवरील एआयएक्सच्या आवृत्त्या जुन्या होत्या; त्यांना मिळणारी दुरुस्ती केव्हाच थांबली होती. २०२४ मध्ये याच प्रोग्रॅमचा लिनक्ससाठी केलेला अवतारही उजेडात आला.

म्हणजे तिजोरीचे दार वेगळ्या घडणीचे होते, हे खरे. परंतु चोर पेढीच्या पुढच्या दारातून, मुनीमजींच्या शेजारून आत गेला. अशा वेळी तिजोरी कोणत्या कारखान्याची, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

लिनक्सचेही असेच उदाहरण आहे. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील नायाना या संकेतस्थळे सांभाळणाऱ्या कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर एरेबस नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने कुलूपबंद केले. तीन हजारांहून अधिक ग्राहकांची संकेतस्थळे अडकली आणि कंपनीने सुमारे दहा लाख डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये दिली. त्या सर्व्हरवरील काही प्रोग्रॅम २००६ सालच्या आवृत्तीचे होते. मॅकबद्दल बोलायचे, तर २०१२ मध्ये फ्लॅशबॅक हा व्हायरस सहा लाखांवर मॅक संगणकांत शिरला होता. जावामधील उणीव भरून काढायला उशीर झाला, त्या फटीतून तो आला.

आपल्या देशातील उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली सरकारी कार्यालयांत वापरली जाते. प्रणाली दुर्मीळ खरी, पण तिच्यावर बसणारा माणूस महत्त्वाचा, हे हेरगिरी करणाऱ्यांच्या ध्यानात आले. २०२३ मध्ये सरकारी मेलसाठी वापरल्या जाणाऱ्या कवच या ॲपची बनावट लिनक्स प्रत पसरवली गेल्याचे आढळले. ऑगस्ट २०२५ मध्ये सभेच्या सूचनेचे पीडीएफ भासणारी, प्रत्यक्षात आज्ञा चालवणारी फाईल मेलने पाठवून बॉस प्रणालीला लक्ष्य केल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. चोराच्या दृष्टीने माल मौल्यवान ठरला, की तो त्या गल्लीसाठी नवी किल्ली घडवून घेतो.

पुतण्याचे आणखी एक म्हणणे होते: "गाभ्याला हात लागत नाही ना, मग भीती कसली?" हे ऐकून मी काकांच्या टेबलाकडे बोट दाखवले. यंत्राचा गाभा मोडला तर तो पुन्हा बसवता येतो. पुतण्याने तो एका दुपारी बसवलाच होता. परंतु उधारीची खाती, बिले आणि जीएसटीची कागदपत्रे गाभ्यात नसतात. ती रोज काम करणाऱ्या खात्याच्या कप्प्यात असतात. खंडणीखोर प्रोग्रॅमला तीच हवी असतात आणि त्यांना कुलूप लावण्यासाठी त्याला गाभ्याच्या परवानगीची गरज नसते. आपल्याला जी फाईल उघडता येते, ती आपल्या नावाने चाललेल्या प्रोग्रॅमलाही उघडता येते. त्यातच टॅली मुळात विंडोजचे. लिनक्सवर ते वाइन नावाच्या सोयीतून चालवले, तर विंडोजसाठी लिहिलेल्या काही घातक प्रोग्रॅमांनाही त्याच सोयीतून आपल्या फायलींपर्यंत पोहोचता येते.

येथपर्यंत आल्यावर काकांनी विचारले, "मग आपल्या दुकानात लिनक्सचा हा एकच संगणक ना?" मी वर छताच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे कॅमेरा होता आणि गल्ल्याखाली त्याचे चित्रण साठवणारी डीव्हीआरची पेटी. अशा पेट्या, कॅमेरे आणि इंटरनेटचे राऊटर बहुतेक लिनक्सवरच चालतात. त्यांवर अँटीव्हायरस बसवता येत नाही आणि त्यांची दुरुस्ती कोणी करतही नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरच्या अशाच लाखो उपकरणांचा ताबा घेतला. त्यासाठी त्याच्याजवळ काय होते? कारखान्यातून येताना ठेवलेली साठेक नेहमीची नावे आणि पासवर्ड यांची यादी, एवढेच. त्या उपकरणांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्या दुकानदारांच्या कॅमेऱ्यांनी त्यात भाग घेतला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. काकांच्या पेटीचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला होता तोच होता. तो त्याच दिवशी बदलला.

आणि खिशातील मोबाइल? अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच आहे. ती प्रणाली आता आडवाटेची राहिलेली नाही, आणि म्हणूनच चोरांचा महामार्ग झाली आहे. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठवून मोबाइलचा ताबा घेण्याच्या प्रकाराबद्दल पोलिसांनी सावध केले होते. आपल्या घरी लग्नसराईत किती पत्रिका मोबाइलवर येतात! पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. उघडण्यासाठी ॲप बसवायला सांगणारी पत्रिका ही पत्रिका नव्हेच, हे घरातील ज्येष्ठांना आणि दुकानातील मुलांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. एकाच कुळातील दोन प्रणाली, एक निर्धोक वाटते आणि दुसरीवर रोज हल्ले होतात. यावरून 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' या वाक्याची खरी किंमत कळते.

तर मग उत्तर काय? ते एका शब्दात देता येणार नाही. यंत्रागणिक द्यावे लागेल.

घरात किंवा दुकानात एकट्याने वापरला जाणारा, वेळच्या वेळी अद्ययावत होणारा आणि अधिकृत भांडारातूनच प्रोग्रॅम घेणारा लिनक्स संगणक असेल, तर अँटीव्हायरस विकत घेण्याची निकड नाही. येथे पुतण्याचे पैसे वाचवणे योग्य आहे.

त्याच संगणकावरून पेन ड्राइव्ह किंवा मेलने फायली करसल्लागाराच्या, पुरवठादाराच्या वा कारखान्याच्या विंडोज संगणकांकडे जात असतील, तर तपासणी अवश्य करावी. आपल्याला न लागणारा रोग आपण दुसऱ्याच्या घरी पोहोचवू शकतो. क्लॅमएव्ही हा मोफत प्रोग्रॅम याच कामासाठी वापरला जातो. मोठ्या कारखान्याला माल पुरवणाऱ्याने तर आपली फाईल दूषित निघाली असता आपली पतही उणावते, हे ध्यानात ठेवावे.

दुकानातील सर्व संगणक ज्यावर फायली ठेवतात असा सामायिक सर्व्हर किंवा साठवणुकीची पेटी असेल, तर ती लिनक्सची असली तरी तिला राखण हवी: नियमित तपासणी, अद्ययावत आवृत्ती, आणि बाहेरच्या इंटरनेटवरून थेट उघडणारे दार बंद.

मॅकमध्ये २००९ पासून व्हायरस ओळखणारी सोय अंगभूत आहे. विंडोज १० आणि ११ मध्येही डिफेंडर अंगभूत आहे. ही सोय चालू ठेवून यंत्र अद्ययावत केले, तर सामान्य वापराला ती पुष्कळ अंशी पुरते. आवृत्तीची मुदत संपलेल्या यंत्रावर मात्र कितीही महागडा अँटीव्हायरस बसवला, तरी ते कुजलेल्या चौकटीला नवे कुलूप लावण्यासारखे आहे. या दृष्टीने मुदत संपलेले विंडोज काढून चालू लिनक्स बसवणे, हा पुतण्याचा निर्णय शहाणपणाचाच होता.

आणि ओटीपी सांगून टाकणे, अनोळखी माणसाला संगणकाचा दूरस्थ ताबा देणे, 'बँक खाते बदलले आहे' असा मेल आल्यावर पुरवठादाराला फोन न करता पैसे पाठवणे, यांवर कोणत्याही प्रणालीत अँटीव्हायरस नाही. अशा प्रकारात पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक असते. चारचौघांत हसे होईल या भयाने गप्प बसणे, हे नुकसानीवर नुकसान आहे.

शेवटी एक गोष्ट सर्वांना समान आहे: हिशेबाची दुसरी प्रत. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. प्रत एकाच यंत्रातील दुसऱ्या कप्प्यात ठेवणे म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणे होय. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक दुकानात, एक घरी. आठवड्याला आलटून पालटून प्रत घ्यावी आणि प्रत झाली की डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कवरील फायलींनाही खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच क्षणी कुलूप लावतो.

काका म्हणाले, "प्रत तर आम्ही रोज घेतो." मी म्हटले, "मग आत्ताच उघडून पाहू." पुतण्याने डिस्क जोडली. शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची निघाली. डिस्क भरली होती, आणि 'जागा नाही' ही सूचना दुकानातील मुलगा रोज बंद करीत होता. कोणताही व्हायरस आला नव्हता. तरीही त्या दिवशी यंत्र बंद पडले असते, तर सात महिन्यांची उधारी केवळ गिऱ्हाइकांच्या सचोटीवर सोडावी लागली असती.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "अँटीव्हायरसचे वाचलेले पैसे आहेत ना? त्यात दोन डिस्क घेऊन ये. आणि दर शनिवारी प्रत उघडून मला दाखवायची." त्या वेळी दुकानात लिनक्स आहे की विंडोज, हा प्रश्न कोणालाच आठवला नाही.

वाचकांनीही हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एवढे करावे: आपल्या हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ती उघडते का, आणि कॅमेऱ्याच्या पेटीचा पासवर्ड कोणी ठेवलेला आहे, हे पाहून घ्यावे. पुढील महिन्यात, पुरवठादाराच्या नावाने येणाऱ्या बनावट बिलांची ओळख कशी पटवावी, याविषयी लिहीन.